मोठा कूलर

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरात दोन कूलर आहेत, लहान आणि मोठा. लहान प्लॅस्टिकचा आहे, तो दर सहासात वर्षांनी बदलतो. मोठा १९८९ सालचा आहे आणि अजून तोच आहे. बाबा त्याच्याबद्दल ‘विकत घेतला’ असं कधी म्हणत नाहीत, ‘बनवून घेतला’ म्हणतात. इतवारीतल्या एका दुकानात उभं राहून त्यांनी जस्ताचा पत्रा अंगठ्यानं दाबून पाहिला होता, टाकीला जाड पत्राच लावायचा असं बजावलं होतं आणि चार दिवसांनी हातगाडीवरून तो घरी आणला होता. मी तेव्हा सहा वर्षांची. हातगाडीमागून चालत आले ते पक्कं आठवतं. पत्र्यावर ऊन पडून डोळे दिपत होते आणि तरी नजर हटत नव्हती.

अंगानं तो थोराड आहे. माझ्या खांद्याला लागेल एवढी उंची, दोन हातांत मावणार नाही एवढी रुंदी, खाली लोखंडी अँगलचा स्टँड. आता तो पोपटी दिसतो, पण उजव्या कोपऱ्यावरचा पोपडा निघाला आहे तिथे बघावं. पोपटीखाली राखाडी, राखाडीखाली निळा आणि सगळ्यांत खाली लाल रेडऑक्साइड. समोरच्या जाळीची तिसरी पट्टी वाकलेली आहे, धाकटी बहीण तिच्यावर पाय ठेवून चढली होती तेव्हाची. ती सरळ करायचं कुणाच्या मनात येत नाही. आवाज मात्र त्याचा भारदस्त. बटण दाबलं की आधी पोटातून घरघर, मग अठरा इंची पंखा वेग घेतो आणि दोन मिनिटांत एकसुरी लागतो. उन्हाळ्यात त्या सुराखाली आमचं बोलणं एक पट्टी वरचं होतं. वीज गेली की सगळ्यांचे आवाज अचानक मोठे वाटतात आणि आम्ही गप्प बसतो.

होळी पेटली की थंडी जळून जाते, असं आमच्याकडे म्हणतात. दुसऱ्या दिवशीपासून गल्लीत एकच चौकशी सुरू होते. शेजारच्या काकू गच्चीवरून विचारतात, “काऊन जी, कूलर निघाला का तुमचा?” मग मागच्या पडवीत आठ महिने चादर पांघरून उभा असलेला मोठा पुढे येतो. चादर काढायची, पंख्याला तेल द्यायचं, पंप बादलीत बुडवून चालतो का बघायचं. आणि ताट्या भरायच्या.

ताट्या भरणं हे आमच्या घरातलं मोठं काम. कूलरच्या तिन्ही बाजूंना बसणाऱ्या या चौकटी. त्यांच्या दोन जाळ्यांमध्ये वूडवूल, म्हणजे लाकडाचे केसासारखे बारीक तंतू, पसरायचं असतं. भराभर कोंबलं तर हवा अडते. विरळ राहिलं तर तेवढ्या भोकातून गरम झोत सरळ आत शिरतो. म्हणून बाबा प्रत्येक ताटी भरून झाली की दोन्ही हातांनी उचलून उन्हाकडे धरतात. उजेडाचा ठिपका दिसला की ताटी खाली, चिमूटभर वूडवूल त्या जागी, पुन्हा ताटी उन्हाकडे. ठिपका असेपर्यंत चहा नाही. पलंगाकडच्या ताटीत एक मूठ वाळा घालायचा, हा आईचा आग्रह. पहिल्या दिवशी पाणी पडलं की सुताराच्या दुकानाचा आणि ओल्या मातीचा एकत्र वास घरभर सुटतो. आमचा उन्हाळा त्या वासानं सुरू होतो.

या ताट्यांचं घराणं जुनं आहे. नागपूर १८६१ मध्ये मध्य प्रांताची राजधानी झालं, साहेबलोकांचे बंगले सिव्हिल लाइन्सला उभे राहिले आणि दारंखिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लागल्या. त्यांच्यावर दिवसभर पाणी मारायला माणूस ठेवलेला असे. तिकडे अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटी मुलखात १९३०च्या सुमारास लोकांनी लाकडी खोक्यात पंखा आणि ओल्या वूडवूलच्या ताट्या बसवून हेच केलं. पाणी मारणाऱ्या माणसाच्या जागी पंप आला, एवढाच काय तो फरक.

मोठ्याची खरी ताकद मे महिन्यात कळते. २३ मे २०१३ला नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. त्या दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देत होतं. आम्ही तेच पाणी कूलरमध्ये टाकलं. अर्ध्या तासानं मी टाकीत हात घातला, तर पाणी माठातल्यासारखं गार! माठ आणि कूलर यांची विद्या एकच. पाणी उडून जाताना आपल्याबरोबर उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी, तितकं हे काम झपाट्यानं होतं. बाहेर ४४ अंश आणि हवेत ओलावा जेमतेम पंधरा टक्के असेल, तर मोठ्याच्या तोंडातून २८-२९ अंशांची हवा येते. त्यासाठी तो दिवसाकाठी पन्नासेक लिटर पाणी पितो. तेवढं पाणी उडताना जी उष्णता ओढून नेतं, ती विजेच्या हिशेबात तीस-बत्तीस युनिटांच्या वर भरते. मोठा स्वतः मात्र दिवसभरात दोन-अडीच युनिटांवर चालतो. इतकं स्वस्त आणि इतकं मोठं काम करणारी दुसरी वस्तू आमच्या घरात नाही. नवतप्याच्या नऊ दिवसांत त्यानं आजीला आणि तान्ह्या भाच्याला एकाच खोलीत झोपवलेलं आहे, हे मी विसरू शकत नाही.

पण पाणी उडतं, त्यातले क्षार उडत नाहीत. मोठ्याच्या स्वभावातली सगळी गुंतागुंत या एका गोष्टीत आहे, आणि ती कळायला आम्हाला वीस वर्षं लागली.

आमच्या वाड्यात विहीर आहे. नळाचं पाणी पेंचचं, नवेगाव खैरीच्या जलाशयातून गोरेवाड्याला शुद्ध होऊन येणारं. ते पिण्यासाठी. कूलरला विहिरीचं, असा नियम होता. विहिरीचं पाणी जड. लिटरमागे सहाशे मिलिग्रॅम क्षार धरले तर पन्नास लिटरमागे रोज तीस ग्रॅम टाकीत मागे राहतात. आठवड्याला दोनशे दहा, म्हणजे वाटीभर. आम्ही काय करत होतो? संध्याकाळी पाणी कमी झालं की दोन बादल्या वरून टाकायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन. होळीपासून मृगापर्यंत आम्ही मोठ्याला नुसतं भरत होतो, रिकामं कधीच केलं नाही. टाकी भरलेली दिसली की काळजी घेतल्यासारखं वाटायचं.

मेअखेरीस ताट्या पांढऱ्या पडायच्या, वूडवूल काडीसारखं मोडायचं. वरच्या नाळीतली भोकं बुजून पाणी एकाच बाजूनं धारेनं ओघळायचं आणि उरलेली ताटी कोरडी राहायची. पंप धाप टाकायचा. हवेला माशांच्या टोपलीसारखा वास यायचा. टाकीच्या आत, पाण्याच्या पातळीला, चारही भिंतींवर एक पांढरी रेघ उमटायची. बोट फिरवलं तर खरखरीत लागायची. “म्हातारा झाला आता,” असं आम्ही मोठ्याबद्दल म्हणायचो. तेव्हा तो विशीतही नव्हता.

त्या रेघेवर आणखी काय असतं ते २००९च्या ऑगस्टमध्ये कळलं. पाऊस लागून महिना दीड महिना झाला होता. कूलर बंद होता, कारण दमट हवेत पाणी उडत नाही आणि कूलर नुसता ओल फेकतो. पण ‘अजून दोन दिवस उकडेल’ म्हणत आम्ही तो पडवीत नेला नव्हता. टाकीत वीतभर पाणी होतं. धाकट्या बहिणीला ताप भरला. डोळ्यांच्या मागे दुखतं म्हणाली, मग अंगावर पुरळ, मग प्लेटलेट भराभर उतरायला लागल्या. सात दिवस ती दवाखान्यात होती. आई तिच्या उशाशी आणि मी फळांच्या रसाचे डबे घेऊन घर ते दवाखाना.

ती घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी महापालिकेच्या पथकातल्या एक ताई दारात आल्या. हातात टॉर्च आणि पांढरी वाटी. मागच्या अंगणातले टायर, कुंड्यांखालच्या ताटल्या, सगळं त्यांनी बघितलं. मग मोठ्याची बाजूची ताटी काढली, टाकीत उजेड टाकला, वाटीनं पाणी उचललं आणि माझ्यासमोर धरलं. पाण्यात कापलेल्या दोऱ्याचे तुकडे असावेत तसं काहीतरी डोकं खाली करून लटकत होतं. उजेड पडताच ते वळवळत तळाकडे गेले. त्या रागावल्या नाहीत. “अळ्या आहेत,” एवढंच म्हणाल्या आणि पाणी उन्हातल्या फरशीवर ओतून दिलं. मग त्यांनी टॉर्च त्या पांढऱ्या रेघेवर फिरवला. रेघेच्या जरा वर काळे ठिपके होते, खसखशीपेक्षा बारीक. “ही अंडी. डेंग्यूचा डास पाण्यात नाही, पाण्याच्या काठाला अंडी चिकटवतो. टाकी वाळली तरी महिनोन्‌महिने ती मरत नाहीत. पुढच्या वर्षी तुम्ही पाणी टाकलं की फुटतात. नुसतं पाणी सांडून भागत नाही, घासावं लागते.”

अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. हा डास स्वच्छ साचलेलं पाणी पसंत करतो, घराजवळच राहतो आणि दिवसा चावतो. म्हणजे आमच्या बहिणीला चावलेला डास बहुधा आमच्याच बैठकीत जन्मला होता, तिनं ज्याच्या पट्टीवर पाय ठेवला होता त्याच्या पोटात. त्या संध्याकाळी बाबा मोठ्याजवळ बराच वेळ उभे होते. त्यांनी तो भंगारात काढायचं ठरवलं होतं, मला नंतर कळलं.

त्याला वाचवलं मिस्त्रीनं. दर उन्हाळ्यात पंप बघायला येणारा हा माणूस पुढच्या होळीला आला तेव्हा आईनं त्याला सगळं सांगितलं. तो टाकीत वाकला, रेघेवरून नख ओढलं आणि म्हणाला, “याची काही चूक नाही, ताई. याले औषध नोको, पावडर नोको. हप्त्यातून एक डाव याचं पोट रिकामं करत जा. बाकी याले काहीच नाही लागत.”

“साठ लिटर पाणी दर आठवड्याला मग्यानं उपसायचं?” आई म्हणाली.

“म्हणूनच तर कोणी उपसत नाही,” तो म्हणाला, आणि कामाला लागला.

त्यानं त्या दिवशी तीन कामं केली आणि मोठ्याचं आयुष्य बदललं. टाकीच्या तळाला, मागच्या डाव्या कोपऱ्यात, भोक पाडून एक इंची नळी बसवली आणि तिला रबराचं बूच. स्टँडच्या पुढच्या दोन आणि मागच्या उजव्या पायाखाली फरशीचे पातळ तुकडे सरकवले, त्यामुळे टाकीचा उतार त्या कोपऱ्याकडे झाला. पाणी आता स्वतःहून बुचाकडे जातं, तळाला थेंबभरसुद्धा राहत नाही. तिसरं, टाकीला आतून डांबराचा हात दिला, पत्रा गंजू नये म्हणून. काळ्या डांबरावर पांढरी रेघ लगेच दिसते, हा त्यातला वरचा फायदा.

तेव्हापासून शनिवार हा मोठ्याचा कोरडा दिवस आहे. सरकारी भिंतींवर ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा’ असं लिहिलेलं असतं ते याचसाठी. आठवड्याचं अंतर डासाच्या आठ-दहा दिवसांच्या आत बसतं, आणि क्षारही साठण्याआधी वाहून जातात. सकाळी प्लग काढायचा. प्लग काढल्याशिवाय मोठ्याच्या अंगाला हात लावायचा नाही, पाणीसुद्धा टाकायचं नाही. पत्र्याचा कूलर आणि ओला हात यांनी विदर्भात दर उन्हाळ्यात माणसं जातात. अर्थिंग तपासून घेणं आणि घराला गळती पकडणारा ब्रेकर बसवणं हा खर्च प्रत्येकानं आधी करावा, कूलर नंतर घ्यावा. तर प्लग काढायचा, बूच ओढायचं. पाणी नळीतून मागच्या कढीपत्त्याच्या आणि जास्वंदीच्या आळ्यात जातं. एक शनिवार इकडे, एक शनिवार तिकडे, नाहीतर क्षारांनी झाड खंतावतं. टाकी रिकामी झाली की काथ्यानं फक्त ती रेघ घासायची, चारही भिंतींना, एक वीत वर आणि एक वीत खाली. क्षारही तिथेच आणि अंडीही तिथेच, त्यामुळे सगळी टाकी घासत बसायचं कारण नाही. मग तासभर बूच काढलेलंच ठेवायचं. ऊन लागलं की टाकी खडखडीत वाळते. माझ्या हाताला हे सगळं पंधरा मिनिटांचं काम आहे.

दुसरी सवय रोजची आहे आणि तिला मिनिटही लागत नाही. रात्री कूलर बंद करायच्या आधी वीस मिनिटं पंप बंद करायचा आणि पंखा चालू ठेवायचा. ताट्या वाऱ्यानं सुकतात. माशांच्या टोपलीचा तो वास ओल्या ताट्यांवर रात्रभर वाढणाऱ्या बुरशी-शेवाळाचा होता. तो तेव्हापासून आला नाही.

टाकीत काय काय टाकावं याचे सल्ले देणारे पुष्कळ भेटतात. तांब्याचा पैसा टाका, पाणी शुद्ध राहतं, असं एका पाहुण्यांनी सांगितलं होतं. पिण्याच्या तांब्याच्या भांड्याची गोष्ट वेगळी. जस्ताच्या पत्र्यावर तांबं ओलं होऊन बसलं की जस्त झिजतं आणि तिथेच भोक पडतं. तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, अळी मरत नाही, आणि पाणी आंबट होऊन पत्रा खातं. ब्लीचिंगही पत्रा खातं. कडुनिंबाचा पाला पंपाच्या तोंडाशी गोळा होतो. गप्पी मासे विहिरीत फार चांगले, आमच्या विहिरीतही आहेत. पण दर शनिवारी रिकाम्या होणाऱ्या टाकीत त्यांनी राहावं कसं? लिंबूसत्त्व मात्र उपयोगाचं आहे, तेही टाकीत नाही. वर्षातून दोनदा पंप आणि वरची नाळी सोडवून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवली की बुजलेली भोकं उघडतात.

आणखी एक चूक आता घरोघर होते आहे, कळवळून सांगावीशी वाटते. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर पडणारं पाणी फुकट जाऊ नये म्हणून लोक ते कूलरला टाकतात. हेतू चांगला, पण यंत्रानं पिण्याच्या पाण्यातून काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. त्यानं फरशी पुसा, संडास धुवा, कूलरला देऊ नका. उलट शेजाऱ्यांच्या एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी हवेतून गोळा झालेलं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतातच. आमच्या गल्लीत एका घरी त्या नळीखाली बादली ठेवतात आणि संध्याकाळी ती कूलरमध्ये रिकामी करतात. त्यांच्या ताट्या तिसऱ्या वर्षीही पिवळ्याधमक आहेत.

बहीण आता मनीषनगरला राहते. तिच्या बैठकीत कूलर नाही, भिंतीतला एसी आहे. पण कोपऱ्यातल्या तिवईवर दगडी वाडग्यातलं लहानसं कारंजं आहे. तीन चपटे दगड, एकावरून दुसऱ्यावर उतरणारं पाणी आणि खाली लपवलेला पंप. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला हसू आलं आणि भरूनही आलं. पंप तसाच, कूलरमध्ये बसतो तो, फक्त आकारानं लहान. वर्षभरात त्याचे दगड पांढरे पडले, वाडगं हिरवं झालं. ती दर दोन दिवसांनी वरून तांब्याभर पाणी घालत होती. मी गेले, वाडग्याच्या काठाला बोट लावलं, तीच खरखर. आम्ही दोघींनी ते खिडकीच्या उन्हातून उचलून आतल्या भिंतीशी नेलं, कारण शेवाळाला ऊन लागतं. पंपाच्या तोंडाला स्पंजचा तुकडा गुंडाळला, त्यामुळे कचरा आत न जाता स्पंजवर थांबतो. गुळगुळीत गोटे निम्मे कमी केले. जितके खाचेकोपरे, तितकी घाण साचायला जागा. मोठ्याच्या पोटाला बूच हवं, हे वाडगं मात्र दोन हातांत उचलून मोरीत पालथं करता येतं. त्याचाही शनिवार ठरला. आता ती एसीचं पाणी त्यात घालते आणि दगड काळे तुकतुकीत आहेत. शनिवारी सकाळी कधी तिचा फोन येतो, “मोठ्याचं झालं का?” मी म्हणते, “झालं. तुझं?” एवढंच बोलणं होतं.

मोठ्याचं वय आता दिसतं. पंखा एकदा बदलला, पंप किती बदलले त्याची मोजदाद नाही, स्टँडचा एक पाय वेल्डिंग केलेला आहे. मधाच्या पोळ्यासारखे कागदी पॅड आले, ते वूडवूलपेक्षा जास्त टिकतात, दरवर्षी भरावे लागत नाहीत. मिस्त्री दरवेळी सुचवतो. बाबा नको म्हणतात. त्यांना ताटी उन्हाकडे धरून बघायची असते. पंचाऐंशीच्या घरात आलेल्या माणसाचा तेवढा हट्ट आम्ही चालू देतो. मलाही मनातून ते बरंच वाटतं. पण ज्यांना दरवर्षी ताट्या भरणं जमत नाही त्यांनी ते पॅड खुशाल लावावेत. रोज रात्री वाळवले आणि आठवड्याला पाणी बदललं तर ते काही उन्हाळे सहज टिकतात.

टाकीचा पत्रा मात्र १९८९चाच आहे. अंगठ्यानं दाबून निवडलेला. डांबर खरवडून मी एकदा बघितलं, खाली जस्ताची खडीसाखरेसारखी नक्षी अजून तशीच होती.

मृग लागला की दुपारची हवा बदलते. पहिल्या मोठ्या पावसानंतर मोठा ओल फेकायला लागतो, आणि आम्ही आता ‘अजून दोन दिवस’ म्हणत नाही. ताट्या काढून जुनं वूडवूल बाहेर, टाकी घासून कोरडी, पंप पुसून डब्यात, अंगावर चादर. बूच मात्र परत लावत नाही. पडवीत कौलांतून गळलं किंवा कुणी नजरचुकीनं पाणी ओतलं, तरी ते नळीतून निघून जातं. खिडकीबाहेर बसवलेल्या कूलरना ही गोष्ट सगळ्यांत जास्त लागू आहे. ते जड म्हणून वर्षभर तिथेच राहतात, पावसानं भरतात आणि दिवाळीपर्यंत कुणी त्यांच्यात डोकावत नाही. त्यांच्या टाकीला बूच नसेल तर कुठल्याही मिस्त्रीला सांगून एक भोक पाडून घ्या. तासाभराचं काम आहे.

आमच्या मोठ्याचं बूच पावसाळाभर सुतळीनं खिडकीच्या गजाला बांधलेलं असतं. तुमच्या कूलरचं कुठे आहे ते आज बघून घ्या.